मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा, बाटली सुटत नाही आणि बोलणं बोबडं आहे, दोन्हीचा काही संबंध असतो का?

फुलेवाडीची_आई
रात्री ११:५०

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस इथं नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे. बोलतो भरपूर, दिवसभर तोंड बंद नसतं, पण घरातल्या चौघांशिवाय कुणाला ते कळत नाही. क, ख, ग तोंडातून येतच नाहीत, सगळ्याचा त नाहीतर द होतो. काकाला ताता, गाडीला दादी, आणि आपल्या कोल्हापूरला तोल्हापूल. घरात सगळे हसतात, पाहुण्यांसमोर मुद्दाम बोलायला लावतात, मीपण लावायचे.

मागच्या रविवारी रंकाळ्यावर गेलो होतो. भेळवाल्याला मीच सांगणार म्हणून हट्ट धरला. "ताता, दोद भेल, तितत नतो." म्हणजे काका, गोड भेळ, तिखट नको. भेळवाला चांगला माणूस, दोनदा खाली वाकून विचारलं काय पाहिजे बाळा, मग माझ्याकडं बघून म्हणाला, काय म्हणालाय ओ? तिसऱ्यांदा पोरगं बोललंच नाही. माझ्या पायामागं जाऊन उभं राहिलं आणि अंगठा तोंडात. भेळ खाल्लीच नाही त्यानं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

आता बाटलीचं सांगते. सिझर झालं होतं, बाळ ३ दिवस काचेत होतं, तिथंच त्याला बाटली लावली, मला कुणी विचारलं पण नाही. नंतर अंगावर घ्यायला बघायचं नाही, रडून रडून निळं व्हायचं, आणि सगळे म्हणायचे दूध पुरत नसेल. दोन महिन्यात पूर्ण बाटलीवर आलं. तिसऱ्या महिन्यात मी कामावर रुजू झाले, शिरोली एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, रजा वाढवून मिळाली नाही. आजसुद्धा दिवसातून ४ बाटल्या लागतात, एकेक २४० मिलीची, त्यातली एक रात्री आडवं पडून, आणि ती झाली की झोपेत अंगठा. वरचे पुढचे दोन दात काळपट दिसायला लागलेत.

माझी नणंद म्हणाली की बाटलीची मुलं उशिरा आणि बोबडं बोलतात, असं संशोधन आहे. हे खरं आहे का? माझ्यामुळं झालं का हे? सासूबाई म्हणतात त्याचे बाबा पण पाच वर्षांपर्यंत असेच बोलायचे, आपोआप सुटेल. शेजारच्या काकू म्हणतात जिभेची तार कापून घ्या. मी नक्की कुणाचं ऐकू?


दोन_मुलींची_आई
रात्री १२:२०

ताई आधी पाणी प्या आणि झोपा, उद्या सकाळी पण मुलगा हाच असणार आहे. तुमचं वाचून मला माझी मोठी आठवली म्हणून लगेच लिहितेय.

तिची बाटली दीड वर्षात सुटली पण अंगठा पाच वर्षांपर्यंत होता. समोरचे दात मिटले तरी वरखाली मधे फट राहायची, पेन्सिल आरामात जाईल एवढी, आणि स म्हणताना जीभ त्या फटीतून बाहेर यायची. सासूला थाथू म्हणायची. आमच्याकडं अंगठ्याला कडुलिंब लावून झाला, कोरफड लावून झाली, आणि एक दिवस मी कामावर असताना कुणीतरी मिरचीचं बोट लावलं, तेच बोट तिनं डोळ्यात घातलं. संध्याकाळी घरी आले तर डोळा सुजलेला आणि पोरगी कोपऱ्यात बसलेली, आणि अंगठा तोंडातच. त्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं की आता कुणी काही लावायचं नाही. ती अंगठा कधी घालते ते आठवडाभर फक्त बघितलं. टीव्ही बघताना, गाडीवर मागं बसल्यावर आणि झोप आल्यावर, बाकी दिवसभर नाही. मग टीव्ही कमी केला, गाडीवर हातात काहीतरी द्यायचं, आणि झोपताना मी तो हात माझ्या हातात धरून पडायचे. चार महिने लागले. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पक्के दात यायच्या आधी सुटला तर फट बरीचशी आपली आपण भरते, आणि भरली पण. स मात्र आपोआप आला नाही, त्याला थेरपी लागली, आठ महिने.


स्पीचथेरपिस्ट_राजारामपुरी
सकाळी ७:१५

ताई, मी वाचा उपचार करते, रोज अशी मुलं बघते, त्यामुळं जरा लांब लिहिणार आहे. मूल समोर नसताना निदान करता येत नाही, पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की बऱ्याच गोष्टींवर बोलता येईल.

नणंदबाई बहुतेक ज्या संशोधनाबद्दल म्हणतात ते २००९ चं आहे, चिली देशाच्या अगदी दक्षिणेला पॅटागोनियात झालेलं, ३ ते ५ वर्षांची १२८ मुलं होती. ज्यांनी बोट चोखलं किंवा चोखणी, म्हणजे नुसतं चोखायला दिलेलं रबरी निपल, ३ वर्षं किंवा त्याहून जास्त चालू ठेवली त्यांच्यात उच्चारांच्या अडचणी साधारण तिप्पट दिसल्या, आणि ज्यांना बाटली ९ महिन्यांनंतर सुरू झाली त्यांच्यात कमी. हे खरं आहे. पण मुलं थोडी होती, सवयींची माहिती आईवडलांनी आठवून सांगितलेली होती, आणि यामुळंच झालं असं सिद्ध होत नाही हे ते संशोधन करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. पुढं २०१८ मधे सिडनीतल्या १९९ मुलांचा अभ्यास आला, त्यात बाटली, चोखणी, अंगठा यांचा आणि एका ध्वनीच्या जागी दुसरा बोलण्याचा संबंध सापडलाच नाही. म्हणून कुणी तुम्हाला बाटलीमुळंच झालं असं ठामपणे सांगत असेल तर तसं ठाम सांगण्यासारखं आज कुणाकडंच काही नाही. काचेतल्या बाळाला आईला न विचारता बाटली लागली यात तुमचा दोष काय? आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे, दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, आणि तो कायदा अशाच गोष्टींसाठी केलेला आहे, कारण पहिल्या काही दिवसात बाळाला निपलची सवय लागली की अंगावर घेणं अवघड होऊ शकतं हे सगळ्या दवाखान्यांना माहिती असतं. तेव्हा जे व्हायला हवं होतं ते दवाखान्याकडून व्हायला हवं होतं.

आता बाटली का सोडवायची तेही सांगते, कारण सोडवायची आहेच. निपल तोंडात असताना जीभ खाली आणि पुढं राहते, टाळूला लागत नाही. वाटीनं पिताना, चावताना ओठ मिटतात, जीभ मागं जाते, वर जाते, कडेला जाते. बारा ते अठरा महिन्यात बाटली सुटावी असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठी पण, आणि दातांसाठी तर नक्कीच. रात्री झोपेत लाळ कमी होते, दूध दातावर तसंच राहतं, वरचे पुढचे दात आधी किडतात. तुमचं काळपट म्हणताय ते तेच असू शकतं, या आठवड्यात दाखवा. आणि ४ बाटल्या म्हणजे जवळजवळ एक लिटर दूध झालं हो! या वयाला ४००-५०० मिली पुष्कळ. एवढं दूध पोटात असल्यावर भाकरी, वरण, भाजी कुठं बसणार, अशा मुलांचं हिमोग्लोबिन पण कमी निघतं.

तारेचं म्हणाल तर जिभेची तार, म्हणजे जिभेखालचा बारीक पडदा, आखूड असली तर जिभेचं टोक उचलत नाही. तुमचा मुलगा त आणि द व्यवस्थित म्हणतोय, तेच तर टोकानं म्हणायचे असतात. क आणि ग जिभेच्या मागच्या भागानं येतात, तार कापून त्यात काय होणार? त्याला जीभ बाहेर काढून आइस्क्रीम चाटता येत असेल, वरच्या ओठाला जीभ लागत असेल तर तो विषय सोडून द्या.

क चा त होणं हे लहान मुलांच्यात खूप दिसतं, साधारण साडेतीन-चारपर्यंत जातं. र चा ल तर पाच-सहापर्यंत चालतो, ळ आणि श पण उशिरा येतात, त्याची काळजी आज नको. मी बघते ते वेगळंच. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं अनोळखी माणसाला चारात तीन भाग तरी कळायला पाहिजे, चार वर्षांचा झाला की जवळजवळ सगळं. तुमच्याकडं घराबाहेर कुणाला कळत नाही आणि मूल आता गप्प बसायला लागलंय. भेळवाल्यापुढं तो मागं सरकला हे मला त्याच्या क पेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून आपोआप सुटेल म्हणून थांबू नका. तपासून घ्या, आणि पहिली तपासणी कानाची. थेरपीच्या आधी कान. तुम्हाला ऐकू येतंय असं वाटत असेल तरी.

पाहुण्यांसमोर बोलायला लावणं आजपासून बंद करा. तो दादी म्हणाला की "असं नाही, नीट म्हण" पण नको. आपण फक्त बरोबर म्हणायचं, "हो, गाडी. लाल गाडी. गाडी कुठं गेली?" एवढंच.


इचलकरंजीचा_बाबा
सकाळी ९:४०

मॅडमनी कानाचं लिहिलं म्हणून माझा अनुभव टाकतो, तो पण बाटलीशीच जोडलेला आहे. आमचा मुलगा पावणेचारचा होता. सर्दी कायम, तोंड उघडं टाकून झोपायचा, घोरायचा. टीव्हीचा आवाज वाढवायचा, पाठमोरा असताना हाक मारली तर वळायचा नाही, आम्हाला वाटायचं आगाऊपणा करालाय, एकदोनदा मारलं पण त्याला यासाठी. आज ते आठवलं की लई वाईट वाटतं.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टिंपॅनोमेट्री केली, कानात एक रबरी बोंडी लावून दाब देतात, एक मिनिटाचं काम, दुखत नाही. दोन्ही कानात पडद्याच्या मागं पाणी. त्यांनी आम्हाला कागदावर काढून दाखवलं की नाकाच्या मागून कानाकडं एक नळी जाते, लहान मुलांची ती आखूड असते आणि जवळजवळ आडवी असते, मूल आडवं पडून बाटली पितं तेव्हा दूध तिकडं जाऊ शकतं, आणि सर्दी असली की ती नळी बंद राहते. पू नाही, ताप नाही, कान दुखत नाही, त्यामुळं घरात कुणाला कळत नाही. पोराला ऐकू येतं पण उशीवर कान दाबून ऐकल्यासारखं, आणि ते पण एक दिवस बरं एक दिवस कमी. क, ख, ग, स असले आवाज त्याला नीट ऐकूच येत नव्हते तर म्हणणार कसा? आमचं पाणी थांबूनही गेलं नाही म्हणून शेवटी पडद्यात बारीक नळी बसवावी लागली. ऑपरेशन झाल्यावर घरी येताना गाडीत म्हणाला, पप्पा हॉर्न हळू वाजवा.

पैशाचं टेन्शन असेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, कान-नाक-घसा ओपीडीत जा, सकाळी लवकर नंबर लावा. अंगणवाडीत घातला असेल तर तिथं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टर टीम वर्षातून दोनदा येते, त्यांना स्पष्ट सांगायचं की बोलणं आणि ऐकणं तपासा, पुढची चिठ्ठी ते देतात, फुकट असतं सगळं.


कागलची_आज्जी
दुपारी २:०५

पोरी मी साठीच्या पुढची बाई, नातीच्या मोबाईलवरनं लिहितो, समजून घे. आमच्या येळंला बाटली न्हवती, बोंडलं असायचं. पितळेचं, पुढं चोच. त्यानं चार महिने वरचं दूध पाजलं की पोरगं आपलं वाटीला तोंड लावायला शिकायचं, वर्षाचं झालं की फुलपात्र हातात. सांडायचं लई, पण कुणी बोलायचं न्हाई. आता सांडलं की पुसायला कुणाला येळ न्हाई म्हणून बाटली, तुझं म्हणत न्हाई बाई, तू कामाला जातीस.

माझ्या लेकीचा पोरगा पण असाच, तितत म्हणायचा तिखटाला. मी त्याला सांजच्याला धारंला घेऊन जायचो, गोठ्यात. एक काळी म्हैस, एक कपिला गाय, कोंबड्या. ही कोण, काळी. ही कोण, कपिला. कोंबडी काय करती, कॉक कॉक कॉक. त्याला शिकवतो असं कधी म्हटलो न्हाई, आपलं बोलत बसायचो. त्याला कॉक कॉक आधी आलं, मग काळी आलं. आणि जिभंला वेखंड मधात उगाळून लावायचो, त्यानं वाचा सुटती.


स्पीचथेरपिस्ट_राजारामपुरी
दुपारी ३:३०

आज्जी, तुमचा गोठा आमच्या क्लिनिकपेक्षा चांगला आहे, मी मनापासून सांगते. कॉक कॉक आधी आणि काळी नंतर हेच आम्ही करतो, आधी नुसता आवाज, मग शब्द. वेखंडाचं मात्र नको, त्यानं उच्चार येत नाहीत आणि ते पोटात जाणं लहान मुलाला बरं नाही. आणि बाकी कुणी वाचत असेल तर, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूच नका, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

फुंकर, शिट्टी, फुगे यानं बोबडं जातं असं सगळीकडं सांगतात, त्यावर महिने घालवू नका. खेळ म्हणून ठीक आहे, पण क यायला क चाच सराव लागतो. घरी करण्यासारखं म्हणजे दोन-दोन चित्रं घ्या, गार आणि दार, कार आणि तार, काप आणि ताप. आधी त्याला बोलायला लावायचं नाहीच, तुम्ही म्हणायचं आणि त्यानं चित्र उचलायचं. दोन्हीतला फरक त्याला कानानं कळतो का ते आधी बघायचं. कळत नसेल तर मग तोंडाकडून अपेक्षा कशी करणार?

बाटलीसाठी, दिवसाच्या तीन आधी काढा, फुलपात्रात द्या, थोडंच द्या, सांडू दे. रात्रीची शेवटी. दात घासून झाले की बाटलीत फक्त पाणी, दुधात पाणी वाढवत वाढवत आणलं तरी चालेल. बाटली आणि अंगठा दोन्ही एकदम काढायला जाऊ नका, त्याच्याकडं झोपायला काहीच राहणार नाही.


फुलेवाडीची_आई
तीन आठवड्यांनी, रात्री १०:४५

तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं. इचलकरंजीच्या दादांचं वाचून दुसऱ्या दिवशी मी तो खेळत असताना मागून हळू आवाजात "चॉकलेट" म्हटलं. वळला नाही. तीन वेळा म्हटलं. मग मीच रडत बसले आणि तो येऊन विचारायला लागला, आई ताय झालं.

तपासणी झाली. दोन्ही कानात पडद्यामागं पाणी आहे, डाव्यात जास्त, ऐकणं थोडं कमी आहे. डॉक्टर म्हणाले लगेच काही करायचं नाही, बऱ्याचदा आपोआप जातं, ३ महिन्यांनी परत बघू, तोपर्यंत आडवं पडून बाटली एकदम बंद आणि त्याच्याशी बोलताना समोर बसून, टीव्ही बंद करून बोला. तार वगैरे काही नाही. दोन दातांना कीड आहे, एक भरला. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, त्याचं औषध चालू केलंय.

थेरपी दर शनिवारी चालू झाली. उताणं झोपून गुळणीचा आवाज काढायला सांगतात, त्यात त्याला क क क येतो, मोठ्यानं येतो आणि स्वतःच दचकून बघतो. शब्दात अजून नाही. कोल्हापूर अजून तोल्हापूलच आहे. आज्जी, आमच्याकडं गोठा नाही पण समोरच्या गल्लीत एकांच्या म्हशी आहेत, रोज संध्याकाळी जातोय, त्यांनाच आता नावं विचारून घेतलीत. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर बोलायला लावणं स्वतःहून थांबवलं, मला काही बोलावं पण लागलं नाही. माळ्यावरच्या डब्यातून त्यांनी यांचं लहानपणीचं बोंडलं काढून दाखवलं, त्यानं त्याला आता दूध पाजता येणार नाही पण तो ते घेऊन आंघोळीच्या पाण्यात खेळतो.

दिवसाच्या तिन्ही बाटल्या सुटल्या. फुलपात्रात अर्धा कप पितो, भाकरी खायला लागलाय. रात्रीची राहिलीय. चार दिवस झाले पाणी देतेय, दोन वाजता उठतो, बाटली फेकतो, तासभर रडतो, शेजारी जागे होतात. हे किती दिवस चालतं? कुणाला अनुभव असेल तर सांगा, उद्या परत सकाळी आठची बस आहे मला.


दोन_मुलींची_आई
रात्री ११:१०

आमच्या धाकटीला नऊ दिवस लागले. सहाव्या रात्री सगळ्यात वाईट होतं, मला वाटलं देऊन टाकावी, यांनी बाटली उचलून गाडीच्या डिकीत ठेवली म्हणून वाचलो. सातव्या रात्री उठली, पाणी प्यायली, माझा हात घेतला आणि झोपली. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की आठवडाभर असं होणार आहे, आमच्या वरच्या काकूंनी तर दोन रात्री स्वतः येऊन तिला खांद्यावर घेतलं. आणि एक रात्र तुमच्या मिस्टरांना उठू दे, तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा, मूल आईजवळच बाटली मागतं, बापाजवळ जरा कमी मागतं.